नॉर्वेजियन विरुद्ध फिलिपिनो

डोंबिवलीकरांचं नॉर्वेशी काही वैर नव्हतं आणि फिलिपाइन्सशी काही सोयरीकही नव्हती. निदान एकोणीसशे चौपन्न सालच्या जानेवारीपर्यंत तरी नव्हती. त्या महिन्यात गावात जे दोन तट पडले त्यांचं खापर त्र्यंबकराव खांबेट्यांच्या डोक्यावर फोडणारे लोक आजही आहेत. पण त्र्यंबकराव हे तट पाडण्याइतके कर्तबगार गृहस्थ कधीच नव्हते. सगळा घोटाळा भाऊ लेल्यांनी केला, आणि तोही फक्त एका शब्दाने.

त्र्यंबकराव मुंबईत बंदरावरच्या एका जहाज कंपनीत कारकून होते. लढाईच्या धामधुमीत दोन वेगवेगळ्या बोटींवरचे दोन खलाशी त्यांच्या टेबलावर एकेक पुस्तक विसरून गेले. एक इंग्रजीतून नॉर्वेजियन शिकवणारं, दुसरं इंग्रजीतून फिलिपिनो. मालक परत येतील म्हणून त्र्यंबकरावांनी ती वर्षभर खणात सांभाळली आणि मग नुसती पडून वाळवी लागेल म्हणून वाचायला घेतली. आता माणसाजवळ एक पुस्तक असलं तर तो अभ्यास करतो. दोन असली की तुलना करतो. त्र्यंबकरावांनी दर रविवारी, जेवणानंतरची झोप सोडून, दहा वर्षं तुलना केली. त्याचे दोनशे चौदा फुलस्केप कागद झाले. ते एका लाल फडक्यात बांधलेले असत आणि फडकं धुवायला काढायचं झालं तर त्यांच्या पत्नी उत्तराबाई आधी विचारत.

या दहा वर्षांत त्यांना या विषयावर कुणीही, एकदाही, काहीही विचारलं नव्हतं. कचेरीत ते सांगू लागले की समोरच्याला फाइल आठवे. घरी उत्तराबाई "हं" म्हणत, पण तो भाजी निवडतानाचा "हं" असे. त्र्यंबकरावांना मानसन्मान नको होता, शाल-श्रीफळ नको होतं. त्यांना एवढंच हवं होतं की कुणीतरी तासभर जागेवर बसून हे सगळं ऐकावं, आणि मधे उठू नये. ही इच्छा वरवर साधी वाटते. ज्यांनी कधी कुणाला काही ऐकवायचा प्रयत्न केला आहे त्यांना ती किती मोठी आहे हे माहीत असेल.

तर वाचनालयाच्या व्याख्यानमालेत 'मधुमेह आणि आहार' या विषयावर बोलणारे डॉक्टर ऐन वेळी स्वतःच अंथरुणाला खिळले, आणि वाचनालयाचे चिटणीस भाऊ लेले धावतपळत त्र्यंबकरावांच्या दारात आले.

"त्र्यंबकराव, तुमचं ते कसलं तरी आहे ना, भाषांचं? तासभर बोलाल?"

त्र्यंबकरावांनी विचार करायला वेळ मागितला आणि भाऊंनी चप्पल पायात घालायच्या आत होकार दिला. विषय त्यांनी स्वतः सुवाच्य अक्षरात लिहून दिला: 'नॉर्वेजियन आणि फिलिपिनो भाषा: एक तुलना'. भाऊंनी तो वाचला, हनुवटी खाजवली, आणि छापखान्यात जाऊन 'आणि' खोडून तिथे 'विरुद्ध' केलं.

"अहो, भाऊ, हे काय?" हस्तपत्रक हातात पडल्यावर त्र्यंबकरावांचा आवाज चिरकला.

"माणसं यायला हवीत ना! 'आणि'ला कोण येतो? गेल्या वर्षी 'जीवन आणि साहित्य' ठेवलं होतं. वक्ता, अध्यक्ष आणि मी. अध्यक्षही मधे चहाला गेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला श्रीपाद मास्तर आले. मास्तर हायस्कुलातून निवृत्त झाले होते, पण तपासणं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. दुधाच्या भांड्याकडेसुद्धा ते उत्तरपत्रिकेसारखे बघत. खुर्चीत बसत ते म्हणाले, "खांबेटे, निकाल काय आहे?"

"कसला निकाल?"

"तुलना म्हटली की निकाल आला. 'तुलना करा' या प्रश्नाला मी चाळीस वर्षं गुण दिलेत. साम्य, भेद, आणि शेवटी कोण श्रेष्ठ. तिसरं नसेल तर निम्मे गुण कापायचो मी. ही नॉर्वेजियन म्हणजे आपल्यातलीच ना?"

त्र्यंबकरावांना कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. त्या आनंदात त्यांनी सांगून टाकलं की हो, ती संस्कृतच्याच दूरच्या कुळातली. दाराला 'डोर' म्हणतात तिथे आपलं द्वार, उंदराला 'मूस' म्हणतात तिथे आपला मूषक. मास्तरांचे डोळे भरून आले. "मूषक!" ते म्हणाले. "तिकडे बर्फात! म्हणजे आपली चुलत बहीण झाली की. खांबेटे, नॉर्वेजियनच जिंकली पाहिजे. रक्ताचं नातं आहे." आणि चहा न घेता ही बातमी गावभर द्यायला ते निघून गेले.

ती संध्याकाळपर्यंत उत्तम सावंतांच्या कानावर गेली. सावंत रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये होते, मूळचे राजापूरकडचे, आणि आवाज असा की केबिनमधून हळू बोलले तरी फलाटावरचा हमाल मागे बघे. ते दोन नारळ घेऊन आले.

"खांबेटेसाहेब, मी काय बोलतो, ह्या फिलिपिनवाल्यांकडे नारळ असतात?"

"मुबलक."

"भात?"

"तिन्ही त्रिकाळ."

"मासळी, खाडी, वादळं?"

"सगळं आहे."

"मग झालं तर!" सावंतांनी मांडीवर थाप मारली. "ते आमचेच. मास्तरांना बर्फातला उंदीर चालतो आणि आमचा नारळ चालत नाय? बघतोच मी."

त्र्यंबकरावांनी समजावून सांगितलं की भाषेची तुलना नारळावर होत नसते. शिवाय फिलिपिनोतही 'मुखा' म्हणजे चेहरा, 'आसा' म्हणजे आशा, 'गुरो' म्हणजे शिक्षक, असे आपल्याकडून समुद्रमार्गे गेलेले शब्द आहेतच. हे सांगायला नको होतं. सावंतांनी 'गुरो' तेवढा उचलला आणि गुरु ज्या भाषेत आहे तिला एक गुरुजीच विरोध करतात, असं स्टेशनपासून टिळक पथापर्यंत सांगत सुटले.

आठवड्याभरात गाव वाटलं गेलं. स्टेशनच्या पूर्वेकडचे बहुतेक नॉर्वेजियन झाले, पश्चिमेकडचे फिलिपिनो. किराणा दुकानात लोक एकमेकांना "काय, बर्फवाले!" म्हणू लागले. दोन्ही भाषांतलं एक अक्षर कुणाला येत नव्हतं, त्यामुळे वादात कुणालाच अडचण पडत नव्हती. त्र्यंबकरावांकडे सल्ल्यांची रीघ लागली. कुणी म्हणे गुण शंभरपैकी द्या, कुणी म्हणे निकाल शेवटी पाकिटातून फोडा. मास्तरांनी तर व्याकरण पंचवीस, वाङ्मय पंचवीस, परंपरा तीस, टापटीप वीस असा तक्ताच आखून आणला. उत्तराबाईंनी नारळ खोवायला घेतला आणि म्हणाल्या, "दहा वर्षांत त्या कागदांतून पहिल्यांदा काहीतरी घरात आलं."

त्र्यंबकरावांना हे लागलं. पण वडी चांगली झाली होती, त्यामुळे ते फारसं काही बोलले नाहीत.

आता एवढी माणसं येणार म्हटल्यावर लाउडस्पीकर हवा, आणि लाउडस्पीकर हवा तर परवाना हवा. परवान्यासाठी वक्त्याने जातीने कल्याणच्या कचेरीत जायचं असतं, असं भाऊंनी सांगितलं. तसा नियम नव्हता. भाऊंना त्या दिवशी लग्नाला जायचं होतं. त्र्यंबकराव किरकोळ रजा टाकून गेले. कारकुनाने अर्ज वाचला आणि टाक दौतीत परत ठेवला.

"भाषेवर सभा? सध्या जमायचं नाही. दिल्लीत कमिशन नेमलंय, भाषावार प्रांतांचं कसं करायचं ते बघायला. आणि तुम्ही इथे भाषा काढताय."

"अहो, पण ही नॉर्वेची भाषा आहे."

"नॉर्वेची असो नाहीतर नाशिकची. भाषा ती भाषाच." त्याने हस्तपत्रकावर बोट ठेवलं. "आणि हे 'विरुद्ध' काय आहे? या दोघांचा सीमेचा वाद चाललाय का?"

"दोघांमध्ये सहा हजार मैल अंतर आहे!"

"लेखी द्या."

त्र्यंबकरावांनी लेखी दिलं. नॉर्वे व फिलिपाइन्स या देशांच्या सीमा कुठेही एकमेकींस भिडत नाहीत, आणि दोघांपैकी कुणाचाही कल्याण तालुक्यातील कोणत्याही गावावर हक्क नाही, असं त्यांनी सहीनिशी लिहून दिलं. कारकुनाने नकाशा मागितला. दुसऱ्या खेपेला त्यांनी शाळेच्या भूगोलातून नकाशा नेला, तेव्हा कळलं की तो प्रमाणित हवा. तो श्रीपाद मास्तरांनी प्रमाणित केला आणि करता करता नॉर्वेभोवती लाल शाईने एक रेघ मारली, तिचा खुलासा करायला तिसरी खेप पडली. तीन किरकोळ रजा संपल्या. कंपनीच्या हेडक्लार्कने "घरी आजारपण आहे का?" असं विचारलं, तेव्हा खरं कारण सांगण्यापेक्षा त्र्यंबकरावांनी होकारार्थी मान हलवली.

परवाना मिळाला, पण त्यावर शेवटी दोन ओळी होत्या. वक्त्याने कोणत्याही भाषेची बाजू घेऊ नये. आणि पोलीस खात्याचा माणूस भाषण संपेपर्यंत हजर राहून त्याचा गोषवारा लिहून घेईल.

मास्तरांना ते वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "बाजू घ्यायची नाही, पण निकाल सांगायला कुठे बंदी आहे?" सावंत म्हणाले, "तुम्ही नुसतं आमच्याकडे बघून डोकं हलवा, आम्ही समजू." त्र्यंबकराव त्या दिवसापासून पश्चिमेकडे बघेनासे झाले आणि पूर्वेकडून जाताना मान ताठ धरू लागले. पण मनातून ते शांत होते. काहीही झालं तरी रविवारी सायंकाळी पाच वाजता लोक येऊन बसणार होते, आणि एकदा बसले की तासभर तरी ऐकणार होते. त्यांनी दोनशे चौदातले चाळीस कागद निवडले आणि प्रत्येकावर कोपऱ्यात मिनिटं टाकली.

रविवारी शाळेचा हॉल साडेचारलाच भरला. मधल्या वाटेच्या डावीकडे नॉर्वे, उजवीकडे फिलिपाइन्स, पुढे सतरंजीवर बायका. त्यांत नव्या लुगड्यातल्या उत्तराबाईही होत्या. दाराजवळच्या खुर्चीत हवालदार तानाजी कागदांचं दप्तर आणि शिसपेन्सिली घेऊन बसला होता. त्याने पेन्सिलीला दोन्हीकडून टोक काढून ठेवलं होतं.

दोन्ही पक्षांना राजी ठेवायचं म्हणून भाऊंनी अध्यक्षपद मास्तरांना दिलं होतं आणि आभार सावंतांना. पाचाला स्वागत सुरू झालं. मग प्रास्ताविक. मग वक्त्यांचा परिचय, ज्यात भाऊंनी त्यांना दोनदा 'प्राध्यापक' आणि एकदा 'कप्तान' म्हटलं. मग अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि पावणेसातपर्यंत उभेच राहिले. त्यांनी उंदीर सांगितला, दार सांगितलं, बर्फ सांगितला आणि शेवटी "निकाल वक्ते जाहीर करतीलच, मी तो फोडत नाही" असं म्हणून तो फोडला. उजवीकडून आरडाओरडा झाला. हवालदार शांतपणे लिहीत होता.

त्र्यंबकराव उठले. पहिली दोन वाक्यं झाली आणि आवाज लागला. त्यांनी सांगितलं की नॉर्वेजियन लोकांत आपली भाषा कशी लिहावी यावरून गेली शंभर वर्षं घरोघर भांडण आहे, आणि हॉलमध्ये समाधानाची लाट पसरली. त्यांनी सांगितलं की फिलिपिनोत 'आराव' म्हणजे दिवस आणि 'आराव-आराव' म्हणजे रोज, जसं आपण घरोघर, दारोदार म्हणतो. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने खरोखरच मान हलवली. त्र्यंबकरावांनी ती मान पाहिली. दहा वर्षं ज्या मानेची वाट पाहिली ती हीच, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी उत्साहाने पाचवा कागद उचलला.

तेवढ्यात उत्तम सावंत उभे राहिले.

"माफ करा, खांबेटेसाहेब. माझी सातची पाळी आहे. केबिनमध्ये माणूस नसला तर गाड्या अडतील. तुमचं चालू द्या, मी फक्त आभार आधी उरकून घेतो."

भाऊ "अहो, अहो" म्हणेपर्यंत सावंतांनी माईक धरला होता. त्यांनी अध्यक्षांचे आभार मानले, शाळेचे मानले, लाउडस्पीकरवाल्याचे, सतरंज्या घालणाऱ्यांचे, परवाना देणाऱ्यांचे आणि नारळ देणाऱ्या फिलिपाइन्स देशाचे मानले. शेवटी "आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत" असं म्हणून हात जोडले, आणि रेल्वेच्या वेळेने निघून गेले.

डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही: आभार झाले की उठायचं. दोन्ही पक्ष उठले. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. इतक्या वर्षांची पायांची सवय, ते आपोआप उभे राहिले. बायकांनी सुरू केलं म्हणून सगळ्यांनी वंदे मातरम् म्हटलं, आणि पाचवा कागद हातात घेऊन त्र्यंबकरावांनीही म्हटलं, कारण त्या वेळी गप्प राहणं बरं दिसलं नसतं. मग चपलांचा खडखडाट झाला. मान हलवणारा म्हातारा जाताना म्हणाला, "छान बोललात हो. थोडक्यात आटोपलंत." मास्तर निकालावरून कुणाशी तरी हुज्जत घालत पायऱ्या उतरले, आणि त्यांना समजवायला भाऊ मागोमाग गेले. लाउडस्पीकरवाल्याने तार गुंडाळली.

त्र्यंबकराव टेबलामागे उभे होते. त्यांना रडू येत होतं. पन्नाशीच्या माणसाला सार्वजनिक जागी येतं तेवढंच. उत्तराबाई जवळ आल्या. त्यांनी टेबलावर विखुरलेले कागद नीट रचले, पहिल्या चारांवर पाचवा ठेवला आणि दाराकडे पाहिलं.

"मी पुढं होते, भात टाकते," त्या म्हणाल्या. "तुम्ही संपवल्याशिवाय येऊ नका."

त्या काय म्हणताहेत ते त्र्यंबकरावांना कळेना. त्यांनी दाराकडे पाहिलं तर हवालदार तानाजी जागच्या जागी बसून पेन्सिल तासत होता.

"सायेब, तुमचं भाषान झालं काय?"

"नाही. म्हणजे... छत्तीस कागद राहिलेत."

"मग चालू द्या की. भाषान संपल्याबिगार हलायचं न्हाई असा हुकूम हाय मला." त्याने आपली खुर्ची उचलून पहिल्या रांगेत आणून ठेवली. "जरा सावकास सांगा. मला समदं लिवायचंय."

आणि त्र्यंबकराव बोलले. लाउडस्पीकर नव्हता, त्यामुळे ओरडावं लागलं नाही. त्यांनी पाचवा कागद सांगितला, सहावा सांगितला. अकराव्याला ते टेबलामागून बाहेर आले, पंधराव्याला हवालदाराशेजारी बसले. फिलिपिनोत 'आम्ही' वेगळं आणि ऐकणाऱ्याला धरून 'आपण' वेगळं, अगदी आपल्यासारखं; नॉर्वेत दोहोंना एकच. नॉर्वेत कर्ता आधी येतो, फिलिपिनोत आधी क्रियापद. हवालदार मधूनमधून हात वर करी, म्हणे "थांबा, क्रियापद लिवतोय," आणि त्र्यंबकराव थांबत. आयुष्यात आजवर त्यांना कुणी "थांबा" म्हटलं होतं ते बहुतेक वेळा गप्प बसवायला. चाळिसावा कागद संपला तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं: एक तास दहा मिनिटं. तासाच्या वर दहा मिनिटं त्यांना कुणीतरी ऐकलं होतं, भले सरकारी हुकुमाने का होईना. त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी उगाचच चष्मा पुसला.

हवालदाराने बोटं मोडली, लिहिलेले कागद मोजून दप्तरात ठेवले आणि टोपी उचलली. मग ती परत मांडीवर ठेवली.

"सायेब, एक इचारू? गोषवाऱ्यातलं न्हाई, माझं."

"विचारा ना."

"मी कराडकडचा. हितं खाडीकाठच्या गावात बदली झाली तवा पैल्यांदा एक तक्रार लिवायला बसलो. बाई बोलतीया, मला कायबी समजंना. दोघंबी मराठीच, पर न्हाई समजलं. आन आता आमची बायकू कलावती आन शेजारची गंगुबाई, ती मिठागरावरची, दोघी सांजपतोर बोलत बसत्यात. काय बोलत्यात देव जाणे. येक म्हनती येक, दुसरी म्हनती दुसरं. पर हसत्यात मात्र येकाच टायमाला." त्याने मांडीवरची टोपी फिरवली. "तर तुमचा त्यो नारवेवाला आन त्यो फिलिपिनवाला येका बोटीवर समोरासमोर आलं, तर काय बोलत असत्याल?"

त्र्यंबकरावांनी तोंड उघडलं. त्यांनी दोन्ही भाषांची सर्वनामं शेजारी शेजारी मांडली होती, संख्या मांडल्या होत्या, शिव्यासुद्धा मांडल्या होत्या. मात्र उत्तराबाईंच्या हाती लागू नयेत म्हणून त्या पानाची घडी घालून ठेवली होती. दोनशे चौदा कागदांवर दोन्ही भाषा दोन रकान्यांत, मधे एक सरळ उभी रेघ. त्या रेघेवरून पलीकडे कुणी कधी गेलं नव्हतं. दहा वर्षांत त्यांनी त्या दोघांना एकदाही भेटवलं नव्हतं. आणि हे विचारायचं सुचलं ते मास्तरांना नाही, सावंतांना नाही, खुद्द त्यांनाही नाही.

आपल्या विषयातलं काही येत नाही म्हणून ज्याला कुणी कधी पकडलं नाही, त्याला त्या विषयातलं कुणी कधी काही विचारलेलंच नसतं, हे त्र्यंबकरावांच्या त्या क्षणी ध्यानात आलं. त्यांना लाज वाटायला हवी होती. पण त्यांना हसू फुटलं, आणि ते आवरेना.

"माहीत नाही हो मला," ते म्हणाले. "खरंच माहीत नाही."

हवालदार तानाजीने दप्तर पुन्हा सोडलं, शेवटचा कागद काढला आणि पेन्सिल जिभेला लावली.

"मग तसं लिवू?"

"लिहा," त्र्यंबकराव म्हणाले, आणि तो नीट लिहितोय ना हे बघायला ते त्याच्या खांद्यावरून वाकले. हवालदाराने एकेक अक्षर कोरत लिहिलं: 'सदर प्रश्नाचे उत्तर वक्त्यास माहीत नाही. ते शोधून सांगणार आहेत.'

दुसरं वाक्य त्याने आपल्या मनाने घातलं होतं. त्र्यंबकरावांनी ते दोनदा वाचलं आणि खाली संपूर्ण नाव लिहून सही केली.